सुटल्याची नोंद

प्राची वकिलांनी ते विचारलं तेव्हा सत्यवानच्या तोंडात चहात बुडवलेलं बिस्किट होतं.

“निघताना विमानतळावर नोंद का नाही केली काका तुमच्या लेकीनं? तेविसाव्या दिवशीच तर निघाली होती.”

विचारण्यात आरोप नव्हता. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत वकीलबाई दिवसभर बांधाच्या भांडणांचे आणि भावाभावांच्या वाटण्यांचे कागद बघायच्या. कॅनडाचा कागद त्यांच्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला होता. पुण्यातल्या मैत्रिणीला दोनदा फोन लावून त्यांनी सगळं समजून घेतलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं, आणि आता शाळेतल्या हुशार मुलीसारखं त्या ते सांगत होत्या. बिस्किट चांगलं मऊ झालं होतं, तरी सत्यवानच्या घशाखाली उतरेना. सांगताना वकीलबाई एकेक बोट मिटत होत्या आणि त्याचं लक्ष त्या बोटांकडंच लागलं होतं.

“तीन शब्द आहेत, काका. ऐकायला तिन्ही सारखेच. पहिला डिपार्चर ऑर्डर. म्हणजे तीस दिवसांत देश सोडा, आणि सोडताना तिथल्या बॉर्डरच्या साहेबापुढं उभं राहून गेल्याचा दाखला घ्या. तेवढं केलं की पाटी कोरी, पुन्हा रीतसर अर्ज करून जाता येतं. दुसरा एक्सक्लूजन. म्हणजे वर्षभर प्रवेशबंदी. तिसरा डिपोर्टेशन. त्याला मुदतच नाही. त्यांनी खास लेखी परवानगी दिल्याशिवाय आयुष्यात तिथं पाय ठेवायचा नाही.”

“मग इवाला पहिलाच दिला व्हता की.”

“पहिलाच दिला होता. पण दाखला नाही ना घेतला. तीस दिवस उलटले आणि आपोआप त्याचा तिसरा झाला. ती इथं तुमच्या घरात भाकरी थापतीय, आणि त्यांच्या कागदावर ती अजून तिकडंच लपून बसलीय.”

हे कळायला सत्यवानला वकील लागायला नको होता. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस तो, शेवटची अकरा वर्षं स्टेशन मास्तर. गाडी फलाटावरून हलली म्हणजे गेली असं रेल्वेत कुणी मानत नाही. सुटल्याची वेळ रजिस्टरमध्ये चढवायची, पुढच्या स्टेशनाला कळवायची, आणि गाडी पोचल्याचा निरोप तिकडून येईपर्यंत रूळ अडलेलाच धरायचा. नोंद नाही तर गाडी गेलेली नाही, मग ती डोळ्यांदेखत धूळ उडवत गेलेली का असेना. नव्या पोरांना तो हे दरडावून शिकवायचा. एकदा एका पोरानं नोंद पाच मिनिटं उशिरा केली म्हणून त्यानं त्याला सगळ्यांसमोर असं सोललं होतं, की पोरगं कॅबिनमागं जाऊन रडलं होतं. चौतीस वर्षांत त्याच्या नावावर एक चूक नव्हती. रिटायर होताना साहेबानं भाषणात तेच सांगितलं होतं आणि दबोरा, त्याची बायको, पहिल्या रांगेत बसून पदर सावरत होती.

“पहिला अर्ज इवानं स्वतःच केला,” वकीलबाई म्हणाल्या. “परत येऊ द्या म्हणून. कारण काय लिहिलं, तर ‘गैरसमज’. त्यांनी नाकारला. आता दुसरा करू. पण नुसत्या तिच्या शब्दानं भागायचं नाही. थांबू नको असं तिला ज्यानं सांगितलं, त्या माणसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. त्यात त्यानं लिहायचं, मी सांगितलं, चूक माझी, पोरीच्या मनात फसवायचं नव्हतं. खात्री देत नाही मी, पण दार थोडं तरी किलकिलं होईल. इवा फोनवर म्हणाली, आईनं सांगितलं होतं. पण त्या तर वारल्या ना?”

“आठ महिनं झालं.”

“मग पंचाईत आहे. तुम्ही नव्हता का जवळ?”

“मी बाहीर कुंड्यांना पाणी घालत व्हतो,” सत्यवान म्हणाला.

ते वाक्य तो ठरवून बोलला नव्हता. घसरड्यावरून पाय निसटावा तसं ते निघून गेलं, आणि निघाल्यावर मात्र त्याला फार बरं वाटलं. बिस्किटही खाली उतरलं. वकीलबाईंनी वही मिटली. “नीट आठवून बघा. शुक्रवारी इवाला घेऊन या,” एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवलेला, ड्रायव्हर शिव्या घालतोय, शेजारची बाई मांडीवर टोमॅटोची पाटी घेऊन पेंगतेय, आणि सत्यवान मनातल्या मनात कुंड्यांना पाणी घालत होता. झारी कोणती होती, हिरवी. ऊन कुठवर आलं होतं, जास्वंदीपर्यंत. तो इतक्या बारकाईनं ते रचत गेला की एका क्षणी त्याला ओल्या मातीचा वाससुद्धा आला. पण वास येतो न येतो तोच त्या सकाळचं खरं दृश्य आत घुसलं. दौंडच्या घरातला ओटा. दबोराच्या हातात फोन, फोन स्पीकरवर. सकाळचे सात वाजलेले, इवाच्या तिकडं रात्र. “मम्मी, इथं बॉर्डरवाल्यांच्या खिडकीपुढं लई मोठी रांग हाय गं. त्यांचा शिक्का घ्या म्हणून कागदावर लिहिलंय. थांबू का?” दबोरानं फोन लांब धरून त्याच्याकडं बघितलं आणि ती कुजबुजली. “शिक्का घेऊ द्या की तिला. कागदावरच लिवलंय म्हणती.” तेव्हा त्यानं पुढं होऊन फोनवर तळहात दाबला होता. “खुळी का काय तू? पोलिसाचा शिक्का बसला पासपोर्टावर म्हंजी तडीपारच झाली म्हण की! उद्या चार लोक बघत्याल. थांबू नको म्हणावं. कुनाच्या तोंडाला लागू नको म्हणावं, सरळ ये.” तळहात काढला. दबोरा फोनमध्ये म्हणाली, “थांबू नको गं बाळा. कुनाच्या तोंडाला लागू नको. सरळ ये.” अक्षर न् अक्षर त्याचं होतं. तोंडाला लागणं हा शब्दच दबोराचा नव्हता. तिनं आयुष्यात तो दुसऱ्यांदा कधी वापरला नाही.

तडीपार हा शब्द त्याच्या डोक्यात कुठून आला तेही त्याला ठाऊक होतं. रेल्वे कॉलनीत भाजी विकायला येणाऱ्या धुरपदाबाईचा बन्सी. मारामाऱ्या करायचा, शेवटी पोलिसांनी दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढला. आता दौंडचं असं आहे की भीमेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. बन्सी पलीकडच्या काठावर एका टपरीवर येऊन बसायचा, इकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका बघायच्या आणि हसायच्या, आणि धुरपदाबाई रोज दुपारी डबा घेऊन पूल ओलांडायची. पलीकडच्या तडीला गेलेला तो तडीपार, असं सत्यवाननं तेव्हा ड्युटीवरच्या पोरांना हसत समजावून सांगितलं होतं. इवाच्या फोनच्या वेळी त्याला हीच धुरपदाबाई दिसली, डबा घेतलेली, खाली मान घातलेली. मिशनच्या शाळेत पहिली आलेली माझी पोरगी, आणि तिच्यावर बन्सीचा शिक्का! शिक्का मारून घेतला असता तर ती मोकळी सुटली असती, आणि शिक्का चुकवला म्हणून ती तडीपार झाली, आणि बन्सीला निदान दोनच वर्षं होती. हे सगळं सत्यवानला पारगावच्या पुलावर एकदम, स्वच्छ कळलं. कळलं आणि त्याला राग आला, तो वकीलबाईंचा. एवढं खोदून विचारायची काय गरज होती?

घरी इवा पिठलं ढवळत होती. “काय म्हणाल्या हो वकीलबाई?” असं तिनं पाठ न वळवता विचारलं. शुक्रवारी दोघांना बोलावलंय, असं त्यानं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोन घेऊन बसली, कारण साडेसहा वाजले होते. साडेसहाला तिकडं सकाळ असते आणि डॅनी, तिचा नवरा, पोरीला पाळणाघरात सोडायच्या आधी पाच मिनिटं फोन लावतो. रूथ तीन वर्षांची. इवा निघाली तेव्हा ती पावणेदोन वर्षांची होती, आणि दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, अर्ज केला की आलीच परत, म्हणून तिला तिथं डॅनी आणि त्याच्या बहिणीजवळ ठेवली होती. बाळंतपणाच्या धांदलीत इवाच्या शिकायच्या परवान्याची तारीख उलटून गेली, एवढाच काय तो तिचा गुन्हा. आता पडद्यावर ती पोर दुधाचा पेला धरून बसली होती. “से हाय टू इवा,” आत्या मागून म्हणाली. “हाय इवा,” पोर म्हणाली. मम्मी म्हणायची सवय कधी मोडली ते कुणाला कळलं नव्हतं. इवा हसली, टाळी वाजवली, पेल्यावरच्या बदकाला हाका मारल्या. पोर तिकडं न बघता खाली उतरून निघून गेली, आणि रिकाम्या खुर्चीशी इवा आणखी मिनिटभर बोलत राहिली. सत्यवाननं आपला रिकामा कप बशीवर जरा जोरात ठेवला. त्याची चहाची वेळ होऊन गेली होती.

रात्री जेवताना त्याला पिठलं बेताच्या मिठाचं लागलं. त्याच्या ब्लड प्रेशरसाठी इवा मोजून मीठ घालायची, दबोराला ते कधी जमलं नाही. दबोरा गेली त्यानंतर इवा महिनाभर शिरूरला डॅनीच्या मावशीकडं जाऊन राहिली होती, तिथल्या शाळेत नोकरी लागतेय का ते बघायला. तो महिना सत्यवानच्या अंगावर अजून काटा आणायचा. खानावळीचा डबा, त्यातली गार चपाती, घरात भांड्याचा आवाज नाही. गाड्यांचे भोंगे तेवढे ऐकू यायचे, आणि कोणता भोंगा कोणत्या गाडीचा हे ओळखण्यापलीकडं त्याला काही काम नव्हतं. एकदा तो दोन दिवस कुणाशीच बोलला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना त्याचा आवाज फाटला. मग इवा दौंडच्याच शाळेत लागली आणि घरात पुन्हा फोडणीचा वास आला. आपल्याला ती जायला नको आहे. हा विचार पिठल्यातल्या खड्यासारखा दाताखाली आला आणि सत्यवान चावायचा थांबला. छे, असं कसं, लेकच आहे आपली! त्यानं घाईनं घास गिळला. आपण फक्त आपलं नाव राखतोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. प्रतिज्ञापत्र परदेशी सरकारकडं जाणार, त्यात सत्यवान उजागरे, निवृत्त स्टेशन मास्तर, यानं सरकारी सूचना मोडायला सांगितलं असं छापून येणार. उद्या रेल्वेनं पेन्शन अडवली तर? असं होत नसतं हे त्याला चांगलं माहीत होतं, तरी ती भीती त्यानं जपून ठेवली, कारण दुसऱ्या विचारापेक्षा ती बरी होती.

गुरुवारी घरी प्रार्थनासभा होती. मंडळीतली दहा-बारा माणसं चटईवर दाटीवाटीनं बसली, गाणी झाली, आणि पाळकसाहेब म्हणाले, “कोणाची साक्ष असेल तर द्या.” साक्ष द्यावी ती सत्यवाननंच, असं सगळे म्हणत. प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, खरंखुरं सांगायचं. त्याला ते इतकं साधायचं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. तो उठला. दबोराच्या आजारपणाचं सांगितलं, तिनं शेवटपर्यंत कशी कुरकुर केली नाही ते सांगितलं. “आता माझ्या लेकीची वाट अडलीया. उद्या आमी वकिलाकडं चाललोय. प्रभू दार उघडील, माजा इश्वास हाय,” असं तो म्हणाला. आमेन, आमेन, असं सगळे म्हणाले. इवाही म्हणाली, डोळे मिटून. त्याचं तिच्याकडं लक्ष गेलं आणि त्याला वाटलं, आत्ता सांगावं. उभाच आहोत, माणसं आहेत, जीभ चाललीय. फोनवर तळहात दाबला तो माझा, एवढंच तर वाक्य. तो तसाच उभा राहिला. पाळकसाहेबांना वाटलं तो भारावलाय, म्हणून त्यांनी हलकेच पुढचं गाणं सुरू केलं.

शुक्रवारी शिरूरला जाताना इवानं फिकट निळी साडी नेसली होती आणि फाईल छातीशी धरली होती. वकीलबाईंनी स्टॅम्प पेपर आणून ठेवला होता, वर नाव घालायची जागा मोकळी होती. “काका,” त्या म्हणाल्या, “एकच विचारते. थांबू नको असं तिला सांगितलं, तो आवाज कुणाचा होता?”

इवानं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. वडील आता आठवून काही तरी सांगतील आणि आपलं काम होईल, एवढीच साधी आशा होती, आणि तीच सत्यवानला सोसवेना.

“तिच्या आईचाच,” तो म्हणाला.

आणि हे खरं होतं. कुठल्याही देवळात, कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी खरंच होतं. आवाज दबोराचाच होता. आपण खोटं बोललो नाही या जाणिवेनं त्याची पाठ खुर्चीत ताठ झाली.

“तुम्ही काहीच म्हणाला नव्हता?”

“सांगितलं न्हवं मॅडम, मी बाहीर व्हतो.”

वकीलबाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्यांना काही कळलं असेल, नसेलही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग प्रतिज्ञापत्र कुणाचं करणार? मेलेल्या माणसाकडून शपथ घेता येत नाही. अर्ज पाठवू म्हणता तर पाठवू, पण त्यात पहिल्यापेक्षा नवीन काही नाही, उत्तर तेच येईल. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.” स्टॅम्प पेपर त्यांनी ड्रॉवरमध्ये परत ठेवला. दुसऱ्या कुणाच्या वाटणीपत्राला तो चालणार होता.

स्टँडवर दौंडची गाडी लागायची होती. इवा रडली नाही. बाकावर बसून ती समोरच्या रसवंतीच्या घुंगरांकडं बघत होती. तशीच बघत म्हणाली, “पप्पा, बंदी बसल्याचं पत्र आलं तवा मम्मी होती की. तीन महिने होती त्याच्यानंतर. मी तिला आंघोळ घालायचे, भरवायचे. एकदाबी म्हणाली न्हाई, माझ्यामुळं झालं म्हणून. नुसतं माझ्या तोंडाकडं बघत राहायची. माफी मागितली असती तर केलं असतं मी माफ.”

दबोरा का बोलली नाही ते सत्यवानला माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात तिनं त्याचं मनगट धरून विचारलं होतं, “इवाला तुमी सांगताय का मी सांगू?” आणि तो म्हणाला होता, “मी सांगतो. तू पड.” त्यावर तिनं विश्वास ठेवला होता. आयुष्यभर ठेवला तसाच.

“जाऊ दे आता,” तो इवाला म्हणाला. “बाईमाणूस. तिला काय कळतंय कायद्यातलं.”

इवानं मान हलवली. हळूहळू, आतून काही तरी ठरत गेल्यासारखी. “रविवारी कबरीवर तुम्हीच जा,” ती म्हणाली. “मी न्हाई यायची. आता कधीच न्हाई.” गाडी लागली. तिनं खिडकीची जागा त्याला दिली.

त्या संध्याकाळी तिनं डॅनीला सगळं सांगितलं. डॅनी म्हणाला की रूथचं नाव शाळेत घालायचंय, फॉर्मवर घरी असणाऱ्या बाईचं नाव लागतं, तर बहिणीचं घालतो. घाल, असं इवा म्हणाली. फोन ठेवून ती आत आली, कणीक मळायला घेतली आणि मळता मळता म्हणाली, “पप्पा, लग्नात रेशनकार्डावरनं माझं नाव कमी केलं होतं ना? ते परत चढवून आणा. इथंच राहायचं तर कागद तरी नीट असू द्या.”

सोमवारी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत खिडकी उघडायच्या आधी तासभर सत्यवान येऊन उभा होता. रांगेत पहिला. इस्त्रीचा शर्ट, सगळ्या झेरॉक्स क्रमानं लावलेल्या, फॉर्म स्वच्छ अक्षरात भरलेला, एक खाडाखोड नाही. खिडकीतल्या कारकुनानं कागद चाळले. “लेकीचं नाव वाढवायचं व्हय? सासरनं आली? तात्पुरती का कायमची?”

“कायमची,” सत्यवान म्हणाला. इतक्या खणखणीत आवाजात, की मागच्या दोघातिघांनी मान वर केली.

कारकुनानं नोंद केली, शिक्का मारला. सत्यवाननं पावतीवरचं इवाचं नाव दोनदा वाचलं, तारीख बरोबर आहे का ते तपासलं, आणि घरी जाताना मंडईतून इवाला निवडायला मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.